ऊसदर, साखर कारखानदारी आणि शासकीय धोरण (बेळगाव सीमाभाग)

शासनाच्या धोरणावर उद्योगाचा प्रभाव कसा पडतो, हे बेळगाव सीमाभागात उसाच्या दरावरून सर्वांत स्पष्ट दिसते. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाक हा कृष्णा, दूधगंगा आणि घटप्रभेच्या काठचा ऊसपट्टा. इथे कारखानदाराला सरकारकडे शिष्टमंडळ न्यावे लागतेच असे नाही, कारण अनेकदा तोच सरकारात असतो. विश्वराज शुगर्सच्या कत्ती घराण्यातील उमेश कत्ती कर्नाटक राज्याचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री होते. अथणी शुगर्सचे श्रीमंत पाटील कागवाडचे आमदार आणि पुढे मंत्री झाले. शेजारच्या बागलकोटातले साखर उद्योजक मुरुगेश निराणी यांच्याकडे उद्योग खातेच होते.

उसाचा किमान दर केंद्र ठरवते. २००९ पासून त्याला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी म्हणतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, नाहीतर त्यावर १५ टक्के व्याज द्यावे लागते. कागदावर शेतकऱ्याची बाजू भक्कम आहे. पण एफआरपी उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर ठरते, उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत निघतो आणि वजनही कारखान्याच्याच काट्यावर होते. शिवाय बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवल्याची तक्रार दर हंगामात उठते ती यामुळेच. उद्योगाचा जोर कायदा बदलून घेण्यापेक्षा कायद्याची तपासणी सैल ठेवण्यात अधिक दिसतो, आणि नेमके तेच सर्वांत कमी चर्चिले जाते.

उद्योगाच्या उघड मागण्या केंद्राकडे असतात. साखर उद्योगावरील नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीनंतर २०१३ मध्ये लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला ठरलेल्या कमी दराने द्यायची साखर, बंद झाली. २०१८ मध्ये साखरेला किलोमागे २९ रुपये किमान विक्री किंमत मिळाली, २०१९ मध्ये ती ३१ झाली. इथेनॉलचा कोटा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायला कारखान्यांकडून घेतल्या जाणाऱ्या इथेनॉलचा वाटा, ही अलीकडची मोठी मागणी.

या भागाला राज्याची सीमा एक वेगळे बळ देते. कोल्हापूरकडच्या कारखान्यांनी पहिली उचल, म्हणजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता, जाहीर केली की निपाणी-चिकोडीचा शेतकरी तोच आकडा इकडे मागतो. दर पटला नाही तर ऊस कागल-शिरोळकडे जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपला ऊस परराज्यात नेण्यास बंदी घातली होती. शेतकरी संघटनांच्या विरोधामुळे ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. शेतकऱ्याच्या हातातला हा सौदा टिकला, हे फार महत्त्वाचे.

दुसरे बळ रस्त्यावरचे. १९८१ मध्ये निपाणीत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी राष्ट्रीय महामार्ग रोखला. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना ऊसदराच्या आंदोलनातल्या एका शेतकऱ्याने तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीजवळ, सुवर्ण विधानसौधजवळ, विष घेऊन जीव दिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर टनाला ३,५०० रुपयांसाठी ठिय्या बसला. तडजोड ३,३०० वर झाली. त्यातील शेवटच्या शंभर रुपयांपैकी पन्नास कारखान्यांनी आणि पन्नास राज्याच्या तिजोरीतून द्यायचे ठरले. त्याच आठवड्यात मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून साखरेच्या किमान विक्री किमतीचा आणि इथेनॉल कोट्याचा प्रश्न मांडला. या दोन्ही मागण्या कारखानदारांच्याही होत्या.