पॅच निघाला तरी जुना ड्रायव्हर उरतोच

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रेलिक्स या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका मालवेअरची नोंद जाहीर केली. ‘किल-फ्लोअर’ नावाची एक्झी फाइल संगणकावर येते आणि विंडोजच्या डीफॉल्ट युजरच्या फोल्डरमध्ये, बरंच आत, ‘एनटीएफएस.बिन’ नावाची एक फाइल ठेवते. नाव असं की, पाहणाऱ्याला ती विंडोजचीच वाटावी. खरं तर तो अवास्ट अँटिव्हायरसचा ‘एएसडब्ल्यू-आरपॉट’ हा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम असतो. नकली नाही, कुणी फेरफार केलेलाही नाही. अवास्टनेच बनवलेला आणि डिजिटल सही केलेला. मालवेअर त्याची सर्व्हिस म्हणून नोंद करतं आणि तो सुरू करतं. मग चालू असलेल्या प्रोसेसची नावं स्वतःजवळच्या १४२ नावांशी ताडून पाहतं. ही सगळी नावं वेगवेगळ्या कंपन्यांच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची. नाव जुळलं की ड्रायव्हरला हुकूम जातो आणि ती प्रोसेस बंद पडते.

ज्या संगणकावर हे घडतं तिथे अवास्ट कधी बसवलेलंही नसेल, त्याने काही अडत नाही. आणि या ड्रायव्हरमधल्या चुका कंपनीने केव्हाच दुरुस्त केल्या होत्या. दुरुस्त केलेली वस्तू इतक्या उशिरा शस्त्र म्हणून कशी वापरता येते, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

डॉसच्या काळात प्रोग्रॅम आणि सिस्टिम यांच्यात कुंपणच नव्हतं. व्हायरस मेमरीत कुठेही शिरायचा, तसा अँटिव्हायरसही शिरायचा. पुण्यात कैलाश आणि संजय काटकर या भावांनी ज्या कामातून पुढची क्विक हील कंपनी उभी केली, ते काम याच काळातलं. विंडोज एनटीने कुंपण घातलं. आपण वापरतो ते प्रोग्रॅम बाहेर, युजर मोडमध्ये. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि ड्रायव्हर आत. बाहेरचा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा कोसळतो. आतला ड्रायव्हर कोसळला तर निळा स्क्रीन येतो. आत आलेल्याला मेमरी, डिस्क, प्रोसेस, कुठेच मज्जाव नसतो.

अँटिव्हायरसला आत जाणं भागच होतं. फाइल उघडण्याच्या आधी ती तपासायची, तर उघडण्याची विनंती जिथून जाते त्या वाटेवरच बसावं लागतं. सुरुवातीला कंपन्यांनी ही वाट स्वतःच काढली. कर्नलमधल्या सिस्टिम कॉलच्या तक्त्यात फेरफार करून त्या विनंत्या स्वतःकडे वळवून घेत. रूटकिट, म्हणजे सिस्टिमच्या आत लपून बसणारं मालवेअर, लिहिणारे नेमकं हेच करत होते. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ६४-बिट विंडोजमध्ये पॅचगार्ड आणलं आणि कर्नलशी असा खेळ केला की सिस्टिम स्वतःहून थांबू लागली. त्यावर मोठं वादळ झालं. विंडोज व्हिस्टा येण्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २००६ मध्ये, मॅकॅफीने फायनान्शियल टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टवर टीका केली. सिमँटेकनेही तक्रारीचा सूर लावला. प्रकरण युरोपीय आयोगाच्या कानापर्यंत गेलं. शेवटी तोडगा निघाला तो असा की, कर्नलला हात लावायचा नाही, पण कर्नल स्वतः सुरक्षा ड्रायव्हरला घडामोडी कळवील. त्यासाठीच्या अधिकृत सोयी व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून वाढत गेल्या. ६४-बिट व्हिस्टापासून सही नसलेला ड्रायव्हर आत घ्यायचा नाही, हाही नियम आला.

या तोडग्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती आणि माझ्या मते पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातूनच आली. ड्रायव्हर कुणी बनवला, हे सही सांगते. तो नीट बनवला आहे की नाही, हे ती सांगत नाही.

ते नीट नसल्याचे दाखले मिळत गेले. २०१६ मध्ये प्रोजेक्ट झीरो या गुगलच्या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिलं की, सिमँटेक आणि नॉर्टनची उत्पादनं विंडोजवर पॅक केलेल्या फायली चक्क कर्नलमध्ये उलगडतात. मुद्दाम बिघडवलेली फाइल नुसती ईमेलने आली तरी पुरे. ती उघडायचीही गरज नाही, कारण अँटिव्हायरस स्वतःच ती उघडून बघणार. मायक्रोसॉफ्टही यातून सुटलं नाही. डिफेंडर या त्यांच्याच अँटिव्हायरसचा एक ड्रायव्हर संसर्ग साफ करताना वाईट फाइल काढून तिच्या जागी कोरी फाइल ठेवायचा. पण ती कोरी फाइल नक्की आपलीच आहे ना, हे तपासत नव्हता. तिथे आधीच लिंक लावून ठेवली, तर तो भलत्याच फाइलवर लिहायचा. ही चूक किमान २००९ पासून होती आणि ती दुरुस्त झाली ९ फेब्रुवारी २०२१ रोजी. इतकी वर्षं ती कुणाला दिसली नाही याचं एक कारण असं की, हा ड्रायव्हर एरवी डिस्कवर नसतोच. गरज पडली की भलत्याच नावाने उतरतो, काम करतो आणि पुसला जातो.

आता अवास्टकडे वळू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट कोडमधल्या चुकीबद्दलची. सेंटिनेलवनच्या संशोधकांनी २० डिसेंबर २०२१ रोजी अवास्टला कळवलेल्या दोन त्रुटी पुढे त्रुटींच्या जाहीर यादीतल्या सीव्हीई-२०२२-२६५२२ आणि २६५२३ या क्रमांकांनी ओळखल्या गेल्या. प्रोसेसने नेटवर्क जोडणी सुरू केली की, ड्रायव्हर तिची कमांड लाइन, म्हणजे ती ज्या आज्ञेने सुरू झाली ती ओळ, वाचायचा. आधी लांबी विचारायची, तेवढी जागा घ्यायची, मग मजकूर उचलायचा. पण मजकूर उचलताना तो लांबी पुन्हा विचारायचा. शिंप्याने माप घेऊन कापड बेतावं आणि शिवायला बसल्यावर पुन्हा माप घ्यावं, तेवढ्यात गिऱ्हाइकाने अंगावर दोन स्वेटर चढवलेले असावेत, तसा हा प्रकार. ती लांबी युजर मोडच्या मेमरीत असते, त्यामुळे दोन वाचनांच्या मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा समांतर चालणारा दुसरा थ्रेड ती वाढवू शकतो. जागा थोडी आणि मजकूर जास्त झाला की कर्नलची शेजारची मेमरी लिहिली जाते. दुरुस्ती सोपी आहे : लांबी एकदाच वाचायची आणि तोच आकडा शेवटपर्यंत वापरायचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये २२.१ आवृत्तीतून ती आली. तपशील जाहीर झाला मे महिन्यात, म्हणजे लोकांना अपडेट व्हायला वेळ मिळाल्यावर. खबर देण्याची आणि दुरुस्त करण्याची ही पद्धत किती चांगली चालू शकते, याचं हे उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट चुकीबद्दलची नव्हे, सोयीबद्दलची. हा ड्रायव्हर रूटकिटविरोधी. हट्टी मालवेअर आतून बंद पाडणं हे त्याचं कामच. पण हुकूम देणारा अवास्टच आहे ना, याची खातरजमा जुन्या ड्रायव्हरमध्ये पुरेशी नव्हती. जून २०२१ च्या २१.५ आवृत्तीत अवास्टने हे दुरुस्त केलं, मायक्रोसॉफ्टच्या मदतीने जुन्या आवृत्तीला विंडोजमध्ये बंदीही घालून घेतली. तरी मे २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने दाखवलं की, ॲव्हॉसलॉकर ही रॅन्समवेअर टोळी, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी टोळी, हाच जुना ड्रायव्हर सोबत आणून अँटिव्हायरस बंद पाडते आहे.

टोळ्यांना ड्रायव्हरच का लागतो? विंडोज ८.१ पासून सुरक्षा सॉफ्टवेअरच्या प्रोसेसला खास संरक्षण मिळालं आणि ॲडमिनच्या हक्काने येणाऱ्यालाही ती बंद करता येईना. कर्नलमधून मात्र येते. दुसरीकडे, ॲडमिनकडून कर्नलकडे जाणं ही सुरक्षेची सीमारेषाच नाही, असं मायक्रोसॉफ्टचं जुनं धोरण. ॲडमिनला ड्रायव्हर चढवण्याचा हक्क आहे, मग त्यात त्रुटी कसली, हा त्यामागचा विचार. कागदावर तो बरोबर आहे. पण ज्या हॉस्पिटलचे किंवा कारखान्याचे संगणक कुलूपबंद झाले, त्यांना या युक्तिवादाचा उपयोग नाही. हा पॅच इतर पॅचसारखा नाही तो इथे. ब्राउझरमधली चूक दुरुस्त झाली आणि आपण अपडेट केलं की विषय संपतो. इथे चोर जुनं कुलूपच सोबत आणतो आणि आपल्या दाराला लावतो, कारण त्याची किल्ली त्याच्याकडे आहे.

मग त्या जुन्या ड्रायव्हरची सही रद्द का करत नाहीत? सही ज्याने केली जाते त्या एकाच डिजिटल सर्टिफिकेटने कंपनीने अनेक ड्रायव्हर सही केलेले असतात. ते रद्द केलं तर चांगलेही अडकतात. शिवाय सर्टिफिकेटची मुदत संपली तरी मुदतीत केलेली सही वेळेच्या शिक्क्यामुळे ग्राह्यच राहते. २०२० मध्ये सोफॉसने उघड केलेल्या रॉबिनहूड रॅन्समवेअरने गिगाबाइटचा ड्रायव्हर वापरला, तेव्हा त्याची त्रुटी सर्वांना माहीत होती आणि सही तशीच चालू होती.

म्हणून उरतो मार्ग यादीचा. हे ड्रायव्हर आत घेऊ नका, असं सांगणारी मायक्रोसॉफ्टची यादी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये विल डॉरमन या संशोधकाने लक्षात आणून दिलं की, विंडोज १० वर ही यादी सुमारे तीन वर्षं ताजी होतच नव्हती, जरी ती आपोआप ताजी होते असं सांगितलं जात होतं. मायक्रोसॉफ्टने मग ते दुरुस्त केलं आणि विंडोज ११ च्या २०२२ च्या अपडेटपासून यादी मुळातच चालू ठेवली.

यादीलाही फट असते. रोगकिलर या मालवेअरविरोधी साधनाचा ‘ट्रूसाइट’ हा ड्रायव्हर घ्या. फाइलमध्ये चेकसमसारखे काही बाइट असे असतात, जे सहीच्या हिशेबात धरले जात नाहीत. ते बदलले की फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, बदलतो, सही मात्र खरीच राहते. त्याच्या एकाच आवृत्तीचे, २.०.२ चे, अडीच हजारांवर असे अवतार सापडल्याचं चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने २०२५ च्या सुरुवातीला जाहीर केलं. हॅशवर विसंबलेल्या यादीतून ते सुटतात. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, यादीत भर घालून ही वाट बंद केली होती.

ड्रायव्हरची दुरुस्ती घाईत करता येत नाही, याची दुसरी बाजू साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी पाहिली. तो हल्ला नव्हता. नवा ड्रायव्हर तपासणीतून जायला वेळ लागतो आणि चालू ड्रायव्हर बदलायला बहुधा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून कंपन्या ड्रायव्हर तोच ठेवून त्याला फक्त नवी माहिती पाठवतात. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या अशाच फाइलचा साचा २१ रकान्यांचा होता, ड्रायव्हरला मिळत होती २० रकान्यांची माहिती. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि सुमारे ८५ लाख संगणक बसले. आपल्या घड्याळात सकाळी ९:३९ ला फाइल निघाली आणि १०:५७ ला मागे घेतली गेली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती त्या दिवशी पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. बंद पडलेला संगणक बहुधा नेटवर्कपर्यंत पोहोचतच नव्हता, त्यामुळे सुधारलेली फाइल त्याला मिळणार तरी कशी? आयटीतली माणसं एकेका संगणकासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, हाताने ती फाइल काढत होती. बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय असेल तिथे आधी लांबलचक रिकव्हरी की टाइप करत होती.

त्यानंतर २००६ चा प्रश्न पुन्हा पुढे आला, सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलमध्ये असावंच का? मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये या कंपन्यांची बैठक बोलावली आणि जुलै २०२५ पासून निवडक भागीदारांना नवी रचना चाचणीसाठी द्यायचं ठरवलं, ज्यात त्यांची उत्पादनं युजर मोडमधून काम करतील. मला ही दिशा योग्य वाटते, उशिरा का होईना. पण ती पुढच्या सॉफ्टवेअरसाठी आहे. गेल्या दोन दशकांत सही होऊन बाहेर पडलेल्या ड्रायव्हर फायली जगभर विखुरलेल्या आहेत आणि त्यांच्यासाठी आजही ती यादीच आहे. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशन उघडलं की, त्या यादीचा स्विच दिसतो.