कृत्रिम हस्तिदंताच्या पेनांचे कातकाम

हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या रेझिनच्या (ओतल्यावर कठीण होणाऱ्या कृत्रिम राळेच्या) चौकोनी कांडीला कातयंत्रावर गोलाई देऊन पेनाचे नळीदार भाग घडवण्याची कला. कारागीर या कांडीला ‘ब्लँक’ आणि यंत्राला ‘लेथ’च म्हणतात. कांडी साधारणतः १९ ते २० मिमी. जाड व सुमारे १३० मिमी. लांब असते. आजच्या कांड्या बहुधा पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक रेझिनच्या असतात.

पदार्थाचा उगम : कृत्रिम हस्तिदंताचा आरंभ अनेक ग्रंथांत अमेरिकेच्या जॉन वेस्ली हायट यांच्यापासून सांगतात. बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताऐवजी दुसऱ्या पदार्थाचे करून देणाऱ्यास १८६३ च्या सुमारास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, त्यातून हायट यांनी सेल्युलॉइड हे प्लॅस्टिक शोधले, अशी ही हकीकत. १८७० चे त्यांचे एकस्व (पेटंट) निर्विवाद आहे. बक्षीस त्यांना मिळाले असे मात्र म्हणता येत नाही. नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला ‘पार्कसीन’ हा पदार्थ अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात आधीच मांडला होता. पार्क्स यांचे जुने सहकारी डॅनियल स्पिल आणि हायट यांच्या कंपनीतील दीर्घ खटल्यात अमेरिकी न्यायालयाचा अखेरचा कौलही मूळ शोध पार्क्स यांचा असल्याकडे झुकला. म्हणून शोधाचे श्रेय पार्क्स यांना व तो कारखान्यात यशस्वी करण्याचे श्रेय हायट यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. सेल्युलॉइड कापराच्या साहाय्याने मऊ करतात आणि ते चटकन पेट घेते. जुनी कांडी कातताना कापराचा वास आल्यास ठिणगी व उष्णता यांपासून फार जपावे. १८९७ च्या सुमारास दुधातील केसीन हे प्रथिन फॉर्मॅल्डिहाइड या रसायनाने कठीण करून ‘गॅलॅलिथ’ निघाले. त्याला झिलई सुरेख चढते, पण ते पाणी शोषून फुगते. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत ते वापरायचे तर ही गोष्ट आधी विचारात घ्यावी लागते.

रेषा : खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. जर्मन शास्त्रज्ञ श्रेगर यांच्या नावाने ती ओळखली जाते. हत्तीच्या सुळ्याच्या बाहेरच्या भागात या रेषांमधील कोन सामान्यतः ११५ अंशांहून मोठा, तर मॅमथच्या (नामशेष झालेल्या हत्तीवर्गीय प्राण्याच्या) सुळ्यात ९० अंशांहून लहान असतो. रेझिनमध्ये ही जाळी साधत नाही. तेथे पांढऱ्या व फिक्या पिवळ्या रंगाचे पातळ थर एकावर एक ओतलेले असतात. अशी कांडी गोल कातली की थर जेथे पृष्ठभागाला काटकोनात भेटतात तेथे सरळ बारीक रेषा उमटतात, आणि जेथे ते पृष्ठभागाला समांतर येतात तेथे रुंद, ज्वालेच्या आकाराचे पट्टे दिसतात. हे पट्टेच नक्कल उघडी पाडतात. म्हणून जाणता कारागीर पेन जोडताना रुंद पट्ट्यावर क्लिप येईल अशी योजना करतो. कांडीचे दोन तुकडे करण्यापूर्वी तिच्या अंगावर खूण करणेही आवश्यक, म्हणजे वरचा व खालचा भाग जोडल्यावर रेषा सलग येतात.

गोव्यातील पार्श्वभूमी : सोळाव्या ते अठराव्या शतकांतील इंडो-पोर्तुगीज हस्तिदंती मूर्ती, विशेषतः मेंढपाळ रूपातील बाल येशू, क्रूसावरील ख्रिस्त व मारिया, यांचे नमुने ख्रिस्ती कला संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत सुरू झाले व २००२ मध्ये जुने गोवे येथील सांता मोनिका मठात हलवले गेले. यांपैकी कोणती मूर्ती गोव्यात घडली आणि कोणती सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) किंवा इतरत्र, हे बहुतेक शैलीवरूनच ठरवावे लागते. ‘गोव्याची’ हा शिक्का सरसकट मारणे योग्य नाही. शिवाय या मूर्ती कोरीव आहेत, कातीव नव्हेत. गोव्यातील कातकाम प्रामुख्याने लाकूड व लाख यांचे. कुंकळ्ळीचे चितारी त्यासाठी ओळखले जातात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून, घर्षणाच्या उष्णतेने तिचा थर चढवण्याचे त्यांचे कसब हाताच्या दाबावर अवलंबून असते. पेनाचे रेझिनकाम याच्याशी जवळचे वाटते, तरी एकातून दुसरे निघाले असे म्हणता येत नाही. रेझिनकामात हीच उष्णता कारागिराची शत्रू असते.

कातणी : साध्या पेनासाठी कांडीला ७ मिमी. भोक पाडतात व त्यात पितळी नळी बसवतात. ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झाडावा लागतो. सलग दाबल्यास रेझिन तापून तडकते. ड्रिल पलीकडच्या टोकाने बाहेर पडताना टवका उडतो. तो टाळण्यासाठी कांडी थोडी लांब ठेवून शेवटी कापतात. रेझिन किंचित पारदर्शक असल्याने आतली पितळी नळी पिवळी झळकते व हस्तिदंताचा सारा भास जातो. म्हणून भोकाचा आतला भाग किंवा नळी आधी पांढरी रंगवतात, मग नळी दोन घटकांच्या इपॉक्सी गोंदाने चिकटवतात. कातताना हत्यार धारदार आणि काप हलका हवा. लांब फिती निघाल्या तर काप ठीक. चुरा किंवा टवके पडू लागले की धार लावावी. पॉलिएस्टर ॲक्रिलिकपेक्षा ठिसूळ असते. अंतिम मापाजवळ घाई केल्यास टवका थेट पितळापर्यंत जातो.

झिलई : ४०० किंवा ६०० क्रमांकाच्या घासकागदापासून ओले घासणे सुरू करतात; क्रमांक जितका मोठा तितका कागद बारीक. प्रत्येक क्रमांकानंतर यंत्र थांबवून लांबीच्या दिशेने घासणे अत्यावश्यक, नाहीतर गोल ओरखडे पुढच्या झिलईत चमकत राहतात. पुढे १५०० ते १२,००० अशा नऊ क्रमांकांच्या घासण्याच्या गाद्या आणि प्लॅस्टिकचे पॉलिश वापरतात. आरशासारखी चमक आणावी की नाही याबद्दल मतभेद आहेत. हाताळून गुळगुळीत झालेल्या जुन्या हस्तिदंताची चकाकी मंद असते. तेव्हा ४००० च्या आसपास थांबणे नकलेला अधिक साजेसे. रेझिनची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने मास्क लावावा.

कायदा : भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ च्या दुरुस्तीने देशी व १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आली. मॅमथचा सुळाही या बंदीत येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केले. रेझिनच्या पेनांना ही बंदी लागू नाही; विकताना मात्र ती ‘कृत्रिम’ म्हणूनच विकली पाहिजेत.