मूलपेशीवाहित चुंबकीय उष्णोपचार

मूलपेशीवाहित चुंबकीय उष्णोपचार : लोहाच्या ऑक्साइडाचे नॅनोकण मूलपेशींमध्ये (स्टेम सेल) भरायचे, त्या पेशींकरवी ते कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचवायचे आणि मग बाहेरून प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट बदलणारे) चुंबकीय क्षेत्र लावून गाठ आतून तापवायची, अशी ही पद्धत. ती आजवर मुख्यतः उंदरांवरच अजमावली गेली आहे. पेशींची मदत न घेता, कण थेट गाठीत टोचून केलेला चुंबकीय उष्णोपचार मात्र माणसांवर झालेला आहे.

गाठीचे तापमान ४१ ते ४६ अंश सेल्सियसपर्यंत नेले की पेशींतील प्रथिनांची घडी विस्कटते आणि डीएनएची दुरुस्ती करणारी यंत्रणा ढिली पडते. त्यामुळे त्याच सुमारास दिलेले किरणोत्सर्गी उपचार अधिक परिणामकारक ठरतात. गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढलेल्या असल्याने तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही. हेही उपचाराच्या पथ्यावर पडते.

कण तापतात कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. इंडक्शन शेगडीवर भांड्याच्या तळात भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युतप्रवाह) उठतात आणि भांडे तापते. नॅनोकण इतके बारीक असतात, की त्यांच्यात असे प्रवाह उठायला जागाच नसते. सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट होणाऱ्या क्षेत्राबरोबर कणाचे चुंबकत्व दिशा बदलू पाहते आणि दर खेपेला थोडे मागे राहते. या मागे राहण्यातून उष्णता निघते. चुंबकत्व कणाच्या आतल्या आत वळले तर ते नेल शिथिलन, आणि अख्खा कणच द्रवात गिरकी घेत असेल तर ते ब्राउन शिथिलन. भोवरी प्रवाह उठतात ते रुग्णाच्या शरीरात, आणि तेही नको असताना. शरीरातले प्रवाहाचे वेटोळे जितके रुंद तितके हे प्रवाह अधिक. म्हणून उंदराला सहज सोसणारे क्षेत्र माणसाच्या छातीभोवती लावता येत नाही. उंदरांवरील आकर्षक निष्कर्ष वाचताना ही बाब ध्यानात ठेवलेली बरी.

या कल्पनेचा उगम १९५७ सालचा. अमेरिकेत गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी लसीका ग्रंथींमध्ये लोह ऑक्साइडाचे बारीक कण सोडून त्या तापवून दाखवल्या. रुग्णालयापर्यंत ती नेली बर्लिनच्या आंद्रेआस योर्डान यांनी. मॅगफोर्स या त्यांच्या कंपनीच्या नॅनोथर्म उपचाराला २०१० मध्ये युरोपात मेंदूच्या गाठींसाठी मान्यता मिळाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा आक्रमक कर्करोग) उलटलेल्या ५९ रुग्णांना हा उपचार किरणोत्सर्गासह देण्यात आला. गाठ उलटल्याचे निदान झाल्यापासूनचा जगण्याचा मध्यक काळ १३.४ महिने भरला. मात्र तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. उपचाराआधी डोक्याजवळचा धातू, अगदी दातांत भरलेली चांदीसुद्धा, काढावी लागे. पुढे मेंदूचा एमआरआयही नीट निघत नसे, कारण लोहामुळे चित्रच बिघडे. कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

सुईने कण टोचायचे तर गाठ कुठे आहे ते ठाऊक हवे आणि तिथे सुई पोहोचायला हवी. शरीरभर विखुरलेल्या लहान गाठींच्या बाबतीत दोन्ही अशक्य. कण शिरेतून सोडले तर बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळंकृत करतात. २०१६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या नॅनोकणांचा मध्यक हिस्सा टोचलेल्या मात्रेच्या ०.७ टक्के इतकाच निघाला. मूलपेशींचा विचार इथून पुढे आला. गाठीतून दाहासारखे रासायनिक संदेश सुटत असतात आणि काही मूलपेशी त्या दिशेने सरकतात. चेतासंस्थेच्या मूलपेशी मेंदूतील गाठीचा माग काढतात, हे कॅरन अबूडी व सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांत दाखवले होते. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील डेरिल ट्रॉयर आणि स्टेफान बॉसमान यांच्या गटाने २०१० मध्ये लोहाचा गाभा व मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडाचे) कवच असलेले कण चेतासंस्थेच्या पूर्वज पेशींत भरले आणि मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग) झालेल्या उंदरांना टोचले. चुंबकीय क्षेत्र लावल्यावर गाठींची वाढ मंदावली. पुढे याच विद्यापीठात स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी भक्षक पेशींसारख्या वाहकांवर काम झाले.

खरी अडचण ओझ्याची आहे. एका पेशीत साधारण १० ते ३० पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोग्रॅम) लोह मावते. मॅगफोर्सच्या कणयुक्त द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये ११२ मिलिग्रॅम लोह असे. पेशीमागे २० पिकोग्रॅम धरले, तर तेवढे लोह वाहायला सुमारे ५६० कोटी पेशी लागतील, आणि त्याही सगळ्या गाठीत पोहोचल्या तर. मध्योतक मूलपेशी (मेसेन्कायमल; अस्थिमज्जा, चरबी अशा ऊतींत सापडणाऱ्या) माणसाला बहुधा वजनाच्या किलोमागे १० ते २० लाख या प्रमाणात देतात. म्हणजे सत्तर किलोच्या रुग्णाला फार तर १४ कोटी. त्यातही शिरेतून दिलेल्या बऱ्याच पेशी आधी फुफ्फुसातच अडकतात. शिवाय पेशीच्या आत कण पुटिकांमध्ये (लहान पिशव्यांमध्ये) दाटीने कोंबले जातात, त्यांना गिरकी घेता येत नाही आणि उष्णता कमी निघते. एकट्यादुकट्या कणाची उष्णता आसपासच्या पाण्यात क्षणात विरते. पुरेशी गर्दी असलेला भागच तापतो. त्यामुळे पेशी अधिक देण्यापेक्षा कणच अधिक तापणारे करण्याकडे संशोधकांचा कल आहे, आणि तो रास्त वाटतो. अशा कणांवर महाराष्ट्रातही काम झाले आहे : पवईच्या आयआयटीत धीरेंद्र बहादूर यांच्या गटात आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात शि. ह. पवार यांच्या मार्गदर्शनाखाली.

आणखी एक शंका वारंवार घेतली जाते. मध्योतक मूलपेशी गाठीला रक्तवाहिन्या पुरवून तिच्या वाढीला हातभारही लावू शकतात. इथे मात्र कण वाहकाच्याच पोटात असल्याने उष्णतेचा पहिला तडाखा त्यालाच बसतो. गाठ पुरेशी तापली नाही, तर मागे उरलेल्या वाहक पेशींचे काय होते, हे तपासल्याशिवाय माणसांवरील चाचणीला परवानगी मिळणे अवघड आहे.