आभाळातली शिवण

फोंड्याकडच्या एका देवळात जत्रेच्या नाटकाची रंगीत तालीम चालली होती. मागच्या पांढऱ्या पडद्यावर दोन प्रोजेक्टरनी मिळून एकच पहाट उमटवायची होती, खाली नदी आणि वर मोकळं आभाळ. मंडपातले दिवे मालवले, चित्र लागलं, आणि आभाळाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक काळपट पट्टा उभा राहिला. पहिल्या रांगेत भाई बसले होते. उमेदीच्या काळात त्यांनी जत्रेच्या नाटकांचे कितीतरी पडदे रंगवले आहेत. ते लगेच म्हणाले, "शिवण दिसते रे तुझी."

त्यांनी शब्द अगदी नेमका वापरला. रंगवायचा पडदा मांजरपाटाचे पाट एकमेकांना जोडून शिवतात. भाई सांगतात, त्या शिवणीवर चेहरा कधी येऊ द्यायचा नाही, कोरं आभाळही नाही. तिथं माडाचं खोड आणायचं, नाहीतर राजवाड्याचा खांब. आमच्या पहाटेत शिवण बरोब्बर कोऱ्या आभाळावर आली होती.

मुळात दोन प्रोजेक्टर लागतातच कशाला? आमचा पडदा १०.८ मीटर रुंद होता. एकाच प्रोजेक्टरचं चित्र ६ मीटरवरून तेवढं ताणलं असतं, तर तोच उजेड सव्वातीनपट क्षेत्रावर पसरला असता. पुढं नटांवर दिवे पडले की असलं पातळ चित्र धुऊन जातं. शिवाय त्याची उंची ६ मीटरवर गेली असती, म्हणजे निम्मं चित्र मंडपाच्या छतावर. म्हणून शेजारी-शेजारी दोन लावायचे, प्रत्येकाचं चित्र ६ मीटर रुंद, आणि मध्ये १.२ मीटर एकमेकांवर चढवायचं. प्रत्येक चित्रात आडवे १९२० ठिपके, त्यातले ३८४ सामाईक. त्यामुळे व्हिडिओ करताना कॅनव्हास ३८४० ठिपक्यांचा धरायचा नसतो, ३४५६ चा धरायचा. सामाईक पट्टा डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही प्रोजेक्टरना जातो. हा हिशोब सुरुवातीलाच मांडला नाही, तर मधल्या भागातली होडी दोनदा दिसते.

चित्रं नुसतीच चढवली तर त्या पट्ट्यात दुप्पट उजेड पडतो. उपाय सरळ वाटतो: पट्ट्यात डावं चित्र हळूहळू मावळवायचं, उजवं तसंच उगवू द्यायचं. बरोबर मध्यावर दोघांनी अर्धा-अर्धा उजेड द्यायचा, बेरीज पूर्ण. मी एडिटिंगमध्ये तसाच सरळ उताराचा मुखवटा, म्हणजे प्रत्येक ठिपक्याची पातळी ठरल्या प्रमाणात घटवणारा थर, लावला होता. मध्यावर दोन्हीकडे ५० टक्के. तरीही काळा पट्टा आला, कारण संगणकातले ५० टक्के म्हणजे पडद्यावरचा अर्धा उजेड नव्हे.

व्हिडिओतल्या प्रत्येक ठिपक्याची पातळी ० ते २५५ या आकड्यात साठवतात. हे आकडे उजेडाच्या प्रमाणात वाटलेले नसतात. आपला डोळा अंधाऱ्या छटांमधला बारीक फरक चटकन ओळखतो, उजळ छटांमधला तितका ओळखत नाही. म्हणून आकड्यांचा मोठा वाटा गडद छटांना दिलेला असतो, आणि प्रोजेक्टर तो आकडा साधारण २.२ घाताने उजेडात उलगडतो. याला गॅमा म्हणतात. १२८ हा आकडा निम्म्यावरचा, पण त्याचा उजेड पडतो पुऱ्याच्या जेमतेम २२ टक्के. दोन्ही प्रोजेक्टरचे मिळून ४४. निम्म्याहून अधिक उजेड माझ्याच मुखवट्यानं गिळला होता.

खरा अर्धा उजेड हवा असेल, तर मध्यावर आकडा १८६ ठेवावा लागतो. पाव उजेडासाठी १३६, पाऊण उजेडासाठी २२४. म्हणजे मुखवट्याचा उतार सरळ नसतो, फुगीर कमानीसारखा असतो. या गणितात एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. घाताचा नियम गुणाकाराला धक्का लावत नाही, त्यामुळे पट्ट्यातलं चित्र उजळ असो की सावळं, तीच कमान सगळ्याला लागू पडते. दर प्रवेशाला नवा मुखवटा करावा लागत नाही. अट एवढीच की दोन्ही प्रोजेक्टर एकाच पिक्चर मोडवर असावेत आणि चित्र पाहून आपोआप उजेड कमी-जास्त करण्याची सोय दोन्हीकडे बंद असावी. ती चालू राहिली तर गॅमा क्षणाक्षणाला बदलतो आणि शिवण पुन्हा उसवते.

कमान बसवली, काळा पट्टा गेला. पण आता आभाळात आडव्या पायऱ्या दिसू लागल्या. आभाळाचा रंग वरून खाली पातळी ६० पासून १०० पर्यंत जात होता. चित्राची उंची १०८० ठिपके, पातळ्या मिळाल्या चाळीस. एकेक पातळी २७ ठिपके पुरली, म्हणजे पडद्यावर सुमारे साडेआठ सेंटिमीटरची पट्टी. लॅपटॉपच्या पडद्यावर जी नजरेला जाणवतही नाही, ती इथं चांगली चार बोटं रुंद होते. त्यात डोळा स्वतःची भर घालतो. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये दाखवून दिलं की दोन छटा जिथं भेटतात, तिथं उजळ बाजू आणखी उजळ आणि गडद बाजू आणखी गडद भासते. कडा ठळक करून पाहणं हे डोळ्याचं कामच आहे. वस्तू वेगळ्या ओळखू येतात त्या त्यामुळेच. उलट संथ उताराकडे डोळा सहज काणाडोळा करतो. म्हणून आभाळात मुद्दाम बारीक दाणा मिसळतात. प्रत्येक ठिपका एखादी पातळी वर-खाली डळमळतो, कड विस्कटते आणि पायरी विरघळते. दहा बिटांची फाइल शेवटपर्यंत तशीच पोचत असेल तर पातळ्याच चौपट मिळतात.

काळोख मात्र गणितालाही दाद देत नाही. प्रोजेक्टर पूर्ण काळं दाखवूच शकत नाही. शून्य पातळीलाही त्यातून थोडा उजेड गळतो. चढलेल्या पट्ट्यात हा गळका उजेड दुप्पट होतो आणि अंधाऱ्या प्रवेशात राखाडी पट्टा उठून दिसतो. मुखवट्यानं तो घालवता येत नाही, कारण शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. मग पट्ट्याबाहेरचा काळा रंगच किंचित वर उचलून त्याच्या बरोबरीला आणावा लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर भिंगाला बुरशी धरलेली असते, ती हा गळका उजेड आणखी पसरवते. माझा आग्रह असतो की दिग्दर्शकानं निव्वळ काळी रात्र मागू नये. चांदण्याची निळसर रात्र घ्यावी, त्यात थोडं धुकं असावं. आणि खराच मिट्ट काळोख हवा असेल, तर प्रोजेक्टरचं झाकण बंद करावं.

हालचालीचंही तसंच. १०.८ मीटरचा पडदा होडीनं ३ सेकंदांत पार केला, तर सेकंदाला २५ चौकटींच्या (फ्रेमच्या) व्हिडिओत ती दर चौकटीला १४ सेंटिमीटर उडी मारते, सरकत नाही. तीच होडी ९ सेकंदांत गेली तर उडी पाच सेंटिमीटरांवर येते. ५० चौकटी घेतल्या तर त्याच्याही निम्मी. दोन लॅपटॉपवर दोन भाग ठेवून "एक, दोन, तीन" म्हणत बटण दाबणं मी सोडून दिलं आहे. एका चौकटीचा, म्हणजे ४० मिलिसेकंदांचा फरक पडला तरी पट्ट्यात त्या संथ होडीला पाच सेंटिमीटर बाजूला दुसरी होडी फुटते. एकाच संगणकाच्या दोन आउटपुटांवर पूर्ण चित्र चालवावं. अशा कामाला फोनवर पाठवतो तसली दाबलेली फाइल घेऊ नये. तिच्यात बहुतेक चौकटी मागच्या-पुढच्या चौकटींशी तुलना करून साठवतात, त्यामुळे ऐन क्यूला मधूनच उडी घ्यायची झाली की ती अडखळते. हॅप किंवा प्रोरेससारख्या प्रकारात प्रत्येक चौकट स्वतंत्र असते. फाइल मोठी होते, पण सांगितल्या क्षणी हजर होते.

सगळं जमलं तरी प्रोजेक्टर हलता कामा नये. ९ मीटरवरून एक ठिपका सरकायला अंशाचा पन्नासावा भाग पुरतो, आणि तेवढा धक्का मंडपाच्या खांबाला स्पीकरच्या दणक्यानं सहज बसतो. मशीन तापली की भिंगही किंचित बदलतं, म्हणून जुळवणी अर्धा तास ती चालू ठेवून मगच करावी.

त्या रात्री मी पहाट नव्यानं केली. कमानीचा मुखवटा लावला, आभाळात दाणा मिसळला, होडी संथ केली. आणि बरोबर सामाईक पट्ट्यात एक माड उभा केला, त्याच्या झावळ्या दोन्ही बाजूंच्या आभाळात पसरलेल्या. दुसऱ्या रंगीत तालमीला भाई पुन्हा पहिल्या रांगेत होते. पडदा उजळल्यावर ते उठले, चष्मा पुसून पडद्यापाशी गेले आणि त्या माडाच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ शिवण शोधत राहिले.