डिझाइनवरून कोड

फिगमासारख्या साधनात आखलेल्या स्क्रीन पाहून चालते अ‍ॅप लिहिण्याच्या कामाला अ‍ॅप बनवण्याच्या क्षेत्रात ‘डिझाइन टू कोड’ म्हणतात. एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची अ‍ॅप काढायची असतील, तर फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह किंवा गूगलचे फ्लटर (आवृत्ती १.०, डिसेंबर २०१८) ही अ‍ॅप लिहिण्याची तयार चौकट सहसा निवडली जाते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्या त्या फोनचीच बटणे आणि रकाने वापरते. फ्लटर प्रत्येक ठिपका स्वतः रंगवते, त्यामुळे दोन्ही फोनांवर चित्राबरहुकूम रूप मिळवणे त्यात सोपे जाते. देवगडच्या आंबा बागायतदाराला किंवा तारकर्लीत घरगुती निवास चालवणाऱ्याला दोन वेगळी अ‍ॅप लिहून घेणे सहसा परवडत नाही. कोकणात ही पद्धत सोयीची ठरते ती त्यामुळेच.

चित्र एकाच मापाच्या फोनचे असते. कोडला मात्र कुठल्याही मापाला लागू पडणारा नियम लिहावा लागतो. हापूसच्या पेटीचे कार्ड घ्या: डावीकडे फोटो, शेजारी नाव, २०१८ च्या भौगोलिक मानांकनाची पट्टी, खाली भाव आणि ‘मागणी नोंदवा’ हे बटण. आपोआप कोड काढणारे साधन कधीकधी बटण ‘डावीकडून २४, वरून ३१२’ असे खिळवून टाकते. फोन लहान असला किंवा आजोबांनी अक्षरे मोठी केली की भाव बटणाखाली जातो. (अँड्रॉइड १४ पासून अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात.) तेच कार्ड आडव्या रांगेत उभा स्तंभ, भोवती १६ चे पॅडिंग (मोकळी जागा) आणि उरलेली जागा मजकुराला, असे लिहिले तर ते टिकते. फिगमातील ऑटो लेआउट (घटकांची रांग आणि अंतरे नियमाने ठरवणारी सोय) डिझाइनरने नीट वापरले असेल, तर ही रचना जवळजवळ जशीच्या तशी फ्लटरच्या रो आणि कॉलममध्ये उतरते.

मराठी मजकुराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि खरी पडझड तिथेच होते. इंग्रजी नमुन्यावर बेतलेल्या ओळी दाटीने बसवल्या की वरच्या ओळीतील ‘हापूस’चा ऊकार खालच्या ‘किंमत’च्या अनुस्वाराला भिडतो. ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या दीडपट धरणे ही चांगली सुरुवात. इंग्रजी शीर्षकांसाठी ठेवलेले अक्षरांमधले जादा अंतर तसेच राहिले, तर शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हवी असतील, तर फॉन्टमध्ये त्यांची सोय असावी लागते आणि मजकुराची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये सांगावे लागते.

डिझाइनमध्ये बहुधा भरलेली स्क्रीनच दाखवलेली असते. १ जूनपासून मासेमारीबंदी लागली की ताज्या मासळीची यादी रिकामी होते, वाऱ्यापावसात फेरीबोट थांबते, घाटात रेंज जाते. या प्रत्येक वेळी ग्राहकाला काय दिसावे, हे डिझाइनरला आधीच विचारून घ्यावे. नाहीतर प्रोग्रामर घाईत ‘काहीतरी चुकले’ एवढेच लिहून मोकळा होतो.

तपासणी स्वस्त अँड्रॉइड फोनवर, भर उन्हात, जेटीवर उभे राहून करावी. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगभेद किमान ४.५ : १ असावा असे वेबवरील सुलभतेचे मानक सांगते, फिकट राखाडी अक्षरे तिथे पहिल्याच नजरेत नापास होतात.