क्लायमेट कॉर्पोरेशन मोन्सॅन्टोने काढली नव्हती

बीटी कापसामुळे मोन्सॅन्टोचं नाव आपल्याकडे गावोगाव पोचलं. त्यामुळे ‘शेतकऱ्यांचा डेटा गोळा करायला मोन्सॅन्टोनेच क्लायमेट कॉर्पोरेशन ही हवामान आणि शेतीच्या डेटावर काम करणारी अमेरिकन कंपनी काढली’ हे लगेच पटतं. पण तसं झालेलं नाही.

2006 साली गूगलमधून बाहेर पडलेल्या डेव्हिड फ्रीडबर्ग आणि सिराज खलीक यांनी ती सुरू केली. नाव होतं ‘वेदरबिल’. सॅन फ्रान्सिस्कोत पाऊस लागला की भाड्याने सायकली देणारं एक दुकान बंद दिसायचं. फ्रीडबर्ग यांना हवामान विम्याची कल्पना सुचली ती तिथे. म्हणजे मुळात ना बियाणं, ना नांगर! स्की रिसॉर्टवाल्यांनाही विमा विकून झाला, मग मोर्चा शेतीकडे वळला. 2011 मध्ये नाव बदलून ‘क्लायमेट कॉर्पोरेशन’ झालं. मोन्सॅन्टोने ती विकत घेतली 2013 मध्ये, सुमारे 93 कोटी डॉलरना.