रेवस–रेड्डी सागरी महामार्ग

महाराष्ट्रातील प्रमुख राज्य महामार्ग क्रमांक ४. रायगड जिल्ह्यातील रेवस बंदरापासून निघून रत्नागिरी जिल्हा ओलांडत सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला रेडी येथे संपणारा हा किनारी रस्ता सुमारे ५०० किमी. लांबीचा आहे. गावचे लोक ‘रेडी’ म्हणतात. सरकारी कागदांत ‘रेड्डी’ रूढ झाले आणि महामार्गालाही तेच नाव चिकटले.

सार्वजनिक बांधकाम विभागात रस्ते आद्याक्षरांनी ओळखले जातात: प्र.रा.मा. (प्रमुख राज्य मार्ग), रा.मा. (राज्य मार्ग), प्र.जि.मा. (प्रमुख जिल्हा मार्ग), इ.जि.मा. (इतर जिल्हा मार्ग), ग्रा.मा. (ग्रामीण मार्ग). शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे असतात. या वर्गवारीचे मूळ १९४३ च्या नागपूर योजनेत आहे. महाराष्ट्राने तिच्यात ‘प्रमुख राज्य मार्ग’ हा वरचा वर्ग घातला. त्याची क्रमांकमाला साध्या राज्य मार्गांहून वेगळी असल्यामुळे ‘प्रमुख’ हा शब्द गाळून क्रमांक सांगितला की घोटाळा होतो. रस्त्याकडेच्या दगडावरून मात्र हा भेद कळत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे, राज्य मार्गाचे हिरवे, एवढीच खूण.

कागदावर सलग असलेला हा क्रमांक जमिनीवर खाडीखाडीला तुटतो. कोकणातल्या नद्या सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि मुखाशी रुंद होतात. जुनी बाजारपेठेची गावे म्हणूनच खाडीच्या आत, गलबते जेथवर पोचत तेथे वसली: सावित्रीवर महाड, वाशिष्ठीवर चिपळूण, शास्त्रीवर संगमेश्वर. मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. १७, आताचा ६६) याच गावांवरून जातो, कारण तेथे पात्र अरुंद असते आणि पूल बांधणे सोपे पडते. सागरी महामार्गाने ही सोय नाकारली आणि प्रत्येक खाडी तिच्या तोंडाशीच ओलांडायचे ठरवले.

ही कल्पना पुढे रेटणारे बॅ. ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांचे आंबेत हे गाव सावित्रीच्याच काठावरचे, त्यामुळे खाडी आडवी येणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

रेवसहून अलिबागमार्गे आलेला रस्ता रेवदंड्याजवळ कुंडलिकेवरच्या साळाव पुलाने पार होतो. मुरूडनंतर आगरदांड्याला तो पाण्याशी थांबतो, पलीकडे दिघी. पुढे श्रीवर्धन ओलांडून बागमांडला, आणि समोर वेसवी–बाणकोट. येथे हाती घेतलेला पूल वर्षानुवर्षे रखडला. मग दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. या ठिकाणी गाड्या फेरीबोटीतून नेतात. रायगडाकडे तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. बोटीचा लोखंडी उतार धक्क्यावर टेकला की आधी दुचाक्या बाहेर पडतात, मागून मोटारी, टेम्पो. ओहोटीला धक्क्याचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि नवख्या चालकाची भंबेरी उडते. दाभोळची बोट काही मिनिटांत पलीकडे जाते. ती चुकली तर चिपळूणचा लांबलचक वळसा. म्हणून येथला प्रवासी किलोमीटरपेक्षा शेवटच्या बोटीची वेळ आधी विचारतो.

जयगडच्या दक्षिणेला रस्ता बराचसा जोडलेला आहे. मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या कड्यांवरून रत्नागिरी, भाट्ये पुलावरून पावस, पुढे जैतापूर, विजयदुर्ग, देवगड. देवगडजवळ तारामुंबरी–मिठमुंबरी पुलामुळे कुणकेश्वर जवळ आले. आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा हा उरलेला टप्पा. सागरी म्हणवणारा रस्ता अनेक ठिकाणी आंबा-काजूच्या बागांतून, जांभ्या दगडाच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावरून, जातो आणि समुद्र तासभर दिसतही नाही.

उरलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे देण्यात आले आहे. त्यात धरमतर खाडीवरचा रेवस–करंजा पूलही आहे. तो झाला की महामार्ग उरणमार्गे नवी मुंबईला जोडला जाईल. मासेमारी आणि पर्यटन या दोन्ही धंद्यांचे लक्ष या पुलांकडे आहे. फेरीबोटींवर पोट असलेल्यांचेही आहे, वेगळ्या कारणाने.

रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला लागतो. नदीच्या उत्तर काठावर असूनही तो गोव्यात मोडतो, आणि तेथून समोरच्या केरीला जायचे तर पुन्हा फेरीबोटच.